डोंगा की पिवळी नाव

चैतराम,

परवा इंदूवहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, सोमवारी नदीवर कायनं जाऊ? डोंग्यानं का पिवरीनं?"

तुझी तेरवी होऊन तीन दिवस झाले होते. त्या ओसरीत बसून फाटलेलं जाळं शिवत होत्या. मान वर केली नाही. आवाज असा, की बाजारातून वांगी आणू की भेंडी. मी म्हणालो, "बघून सांगतो." बघायचं काहीच नव्हतं. दोन्ही नावा मला पाठ आहेत. पण त्यांनी मान वर करण्याआधी मला फाटकाबाहेर पडायचं होतं.

आज रविवार. उद्या सकाळी सात वाजता त्या पाण्यात जाणार. कशात बसून जाणार, हे माझ्या तोंडून निघायचं आहे, आणि मी दोन दिवसांपासून तुमची गल्ली टाळून राहिलो. 'टाळून राहिलो' लिहिलं बघ, घाबरलो की मीही तुझ्यासारखं बोलायला लागतो.

त्याआधी, जाऊच नका, असं सांगून पाहिलं होतं. पण डोहातला वाटा एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत जाळं न टाकता राहिला तर तो शेजाऱ्याच्या वाट्यात जातो, हा तुम्हा ढिवरांचा नियम. पौर्णिमा गुरुवारी आहे. लेकीनं सालेकशाहून फोन केला, "आई, सोड तो वाटा, इकडं ये." वहिनी म्हणाल्या, "तिच्या घरी मी पाहुनी. पान्यावर मी मालकीन."

तुला हसू येईल, पण दोन वर्षं आपण याच प्रश्नावर भांडलो. नदीत एकट्या माणसाला मासे धरायला काय बरं, तुझ्या बापानं आंब्याच्या खोडातून कोरून घेतलेला डोंगा, की ती प्लास्टिकची पिवळी कयाक. एका बाजूला तू, जो जमिनीपेक्षा पाण्यावर जास्त राहिला. दुसऱ्या बाजूला मी, जो त्रेसष्ट वर्षांत गुडघ्याच्या वर कधी भिजला नाही. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यापलीकडे काही न केलेल्या आणि आयुष्यात एकही धडा न शिकवलेल्या माणसाला गाव गुरुजी म्हणतं. मग त्यानं नावेवर मत द्यायला काय हरकत होती?

पिवळीचा जन्मच हारतुऱ्यांत झाला. आठवतं ना? तलावावर जलपर्यटन सुरू व्हायचं होतं. पाण्यात दोन बांबू रोवून फीत बांधली. प्रमुख पाहुणे लाइफ जॅकेट घालून, जॅकेटवर हार घालून नावेत बसले, आणि नाव हलू नये म्हणून चार कार्यकर्ते कमरेएवढ्या पाण्यात तिला धरून उभे राहिले. नाव हलली नाही. भाषण मात्र लांबवर गेलं. शेवटी नारळ फोडायला दगड सापडेना, तेव्हा कोणीतरी तो नावेच्या टोकावरच हाणला. प्लास्टिकवर नारळ फुटत नाही. तो उडून तलावात गेला आणि तू शर्टासकट उडी मारून काढून आणलास. त्या दिवशी पाण्यात झालेलं तेवढंच खरं काम. दुसऱ्या दिवशी फोटोत तू नव्हतास, नारळ होता.

वर्षभरात पर्यटन संपलं. नावा शेडमध्ये पडून राहिल्या. चौकीदारच तुला म्हणाला, "ने गा बाप्पा एखादी. बकऱ्या बसून राहिल्या त्याच्यात."

पहिल्या दिवशी तू डोहाला एक चक्कर मारलीस, थडीवर आलास आणि निकाल दिलास. "हे नाव नोहोय गुरुजी. हा संडास होय. बसूनच राहा लागते."

तुझं खरं होतं. डोंग्यात तू उभा राहायचास. टोकावर पाय रोवून, फेकजाळं खांद्यावर घेऊन, कमरेत असा वळायचास की जाळं हवेत गोल उघडायचं आणि सगळं एकदम पाण्यावर पडायचं. मासा आधी तळपायाला कळतो आणि मग डोळ्याला, असं तू सांगायचास. हे शास्त्रात बसत नाही, असं मी म्हणालो तर म्हणालास, "मंग शास्त्राले डोंग्यात बसव."

माझं म्हणणं माहितीपत्रकातून आलेलं. रुंद आहे, हलकी आहे, उथळ पाण्यातून जाते, एकट्या माणसाच्या खांद्यावर येते. हे शेवटचं मी मुद्दाम दोनदा वाचायचो, कारण तुझा उजवा खांदा गेला होता आणि डोंगा ओढायला तुला कोणाला तरी हाक मारावी लागायची, जे तुला खांद्याहून जास्त दुखायचं. मी पाहत होतो. आडवं जाळं लावायला तू पिवळी न्यायला लागलास. गळ टाकायला पिवळी. फेकजाळ्यापुरता डोंगा. तोंडानं मात्र कबूल केलं नाहीस. मीही एवढ्या मोठ्या विजयाची मागणी करत नव्हतो. "बरी हाय" एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं.

एकदाच तू मला डोंग्यात बसवलंस, पलीकडच्या लग्नाला जायचं म्हणून. मी दोन्ही काठ धरून डोळे मिटून बसलो होतो. तू हसला नाहीस. म्हणालास, "भेतोस ते बरं हाय गा. तू पान्याकडं पाह्यत तरी राह्यशीन." त्या वाक्याचा आता मला राग येतो. भिणारा माणूस पाण्याकडे पाहत राहतो, असं तुला कोणी सांगितलं?

आता उन्हाळ्याचं लिहितो. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तू चौथीत शाळा सोडलीस, पण संध्याकाळी ग्रंथालय बंद करायच्या वेळी येऊन बसायचास आणि म्हणायचास, वाच. मी काहीही वाचायचो. पेपर, इतिहास, एकदा तर अख्खा पंचायतीचा कायदा. थांबलो की विचारायचास, "मंग पुढं?" कायद्यालाही विचारलंस. मी वाचलेलं तू विसरायचा नाहीस आणि मी वाचलं म्हणजे खरं, असं धरून चालायचास. माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कोणी ठेवल्याचं आठवत नाही. चैत्रात मी पिवळीचं माहितीपत्रक वाचत होतो. त्यात होतं, नाव थेट उन्हात ठेवू नये, तडे जातात.

तू मांडीवर थाप मारलीस. "आमी कायचं सांगून राहिलो मंग?"

कारण डोंग्याचंही तेच. लाकूड उन्हानं फुटतं. म्हणून उन्हाळा लागला की तुम्ही लोक डोंग्यात दगड भरता आणि तो डोहात बुडवून ठेवता, थेट पावसापर्यंत. नव्या नावेचा पहिला उन्हाळा तर पाण्याखालीच जायला पाहिजे, त्याशिवाय ती घरची होत नाही, असं तुमच्यात मानतात. पिवळीचा एक उन्हाळा तुझ्या अंगणात वाया गेला होता. या वर्षी तिला बुडवायचं तू ठरवलंस.

"घरच्या शेडखाली सावलीत ठेव" एवढंच मला म्हणायचं होतं. चार शब्द. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच माझं पुस्तक आणि तुझा बाप एका बाजूला उभे होते. मला ते फार आवडलं. मी म्हणालो, "बघ, छापलंय."

प्लास्टिकची नाव आतून पोकळ. ती बुडता बुडेना. मग तू तिच्या मागच्या टोकाचं बुच फिरवून काढलंस. आवळ्याएवढं काळं बुच. भोकातून गुडगुड करत ती पाणी प्यायली, तू दगड रचलेस, आणि पिवळा रंग हिरवा होत होत खाली गेला. डोहात पाणी कमी होतं, खडकाआड एकाच नावेला जागा होती. डोंगा शेडखालीच राहिला. "जुना हाय थो. एक उन्हाळा काढन," म्हणालास.

बुच तू माझ्या हातात दिलंस. "तू ठेव गुरुजी. माया घरी खर्र्या-तंबाखूच्या पन्न्यांत हरवन."

मी ते टेबलावर ठेवलं, टाचण्यांच्या डबीशेजारी. सांभाळायची वस्तू म्हणून अगदी डोळ्यांसमोर. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, रोज दिसायचं. रोज दिसणारी वस्तू दिसेनाशी होते, हे ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला तरी माहीत असायला हवं होतं.

पाऊस सरला, पूर उतरला, आपण पिवळी वर काढली. दोर मी ओढला होता. तू दगड काढलेस, नाव उभी केलीस, त्याच भोकातून सगळं पाणी ओतून दिलंस, तिला हलवून पाहिलंस. रिकामी झाली. डोंग्याला बुच नसतं. डोंगा पालथा केला, उलथा केला की झालं, तुझे हात तेवढंच जाणत होते. आणि मी, ज्यानं ते पत्रक तीनदा वाचलं होतं, पाण्यात उतरण्याआधी बुच तपासावे ही जाड अक्षरांतली ओळ ज्यानं तुला मोठ्यानं वाचून दाखवली होती, तो मी दोन हात अंतरावर उभा राहून तुला चिडवत होतो. कबूल कर म्हणत होतो. कारण डोंगा उन्हाळ्यात उललेला होता आणि तुला पिवळीच न्यावी लागत होती.

"डोंगा फुटला म्हनून हिले नेऊन राहिलो," तू म्हणालास. "तू जितला नाईस."

तिला घेऊन तू डोहात गेलास आणि दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यापाशी सापडलास. जाळं पायाला गुंडाळलेलं होतं. तुला जाळून घरी आलो, टेबलाशी बसलो, आणि पाच महिन्यांनी ते बुच मला दिसलं.

तेव्हापासून ही भीती आहे. दुःख वेगळं आहे, ते येतं आणि जातं. भीती बसूनच असते.

तुझी शोकसभा झाली. तुला आवडली नसती. नारळ काढायला तुला पाण्यात जाऊ देणारेच व्यासपीठावर होते. बॅनरवर तुझा फोटो, तुझ्या फोटोच्या दुप्पट दोन पुढाऱ्यांचे, आणि खाली लिहिलेलं, जलपुत्राची जलसमाधी. चार शब्द बोला म्हणून मला उठवलं. मी आजारी असल्याचं सांगून बसलो. ते खोटंही नव्हतं. बुडणाऱ्याला समाधी मिळत नाही, नाकातोंडात पाणी मिळतं, एवढंच मला येत होतं, आणि समोर वहिनी बसल्या होत्या.

सभेनंतर तुमच्या जातीतले म्हातारे बुधाजी वहिनींना म्हणाले, "ते पिवरी जारून टाक. घात होय थो. बापाचा डोंगा हाय ना, त्यानं जाय." सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त मला ठाऊक होतं, की उललेल्या जागी तू डांबर भरलंस आणि मला म्हणालास, एका माणसाचा भार हा घेईल, ओल्या जाळ्याचा घेणार नाही. वहिनींना तू हे सांगितलं नव्हतंस. घरी कशाला भेव घालायचं, म्हणालास.

म्हणजे डोंगा म्हणावं तर त्या भर डोहात फुटक्या लाकडावर. पिवळी म्हणावं तर त्या विचारणार, तुम्हाला माझा नवरा खाल्लेली नाव माझ्यासाठी काऊन पसंत आहे? काल मी एक बेत केला, तो तुला सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखा नाही. गुपचूप जायचं, बुच फिरवून बसवायचं, आणि म्हणायचं, पिवळीच न्या, पत्रकात चांगलं लिहिलंय. नाव सुरक्षित झाली असती. मीही झालो असतो. नदीपर्यंत गेलोसुद्धा. पण घात झालेल्या नावेत छापील कागदाच्या भरवशावर त्या बसणार नाहीत. कागदाच्या भरवशावर बसणारा एकच होता. नाव का उलटली हे कळलं तरच बसतील. मी बुच खिशात घेऊन परत आलो.

दुपारचे तीन वाजलेत. उठतो. लिहिणं हेही टाळणंच आहे.

*

जाऊन आलो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. बोलायचं मी पाठ करून गेलो होतो, त्यातलं काही आठवेना. बुच काढून त्यांच्या सुपात ठेवलं.

"हे काय होय?"

"पिवळीचं बुच."

"मंग?"

"हे माझ्याकडे होतं. उन्हाळ्यापासून. चैतरामनं सांभाळायला दिलं होतं. मी परत दिलं नाही."

त्यांनी ते उचललं, फिरवून पाहिलं. मी सांगत गेलो. भोक कुठे आहे, वजन वाढलं की मागचं टोक कसं खाली जातं, मग पाणी कसं आत येत राहतं, वरून काही दिसत नाही, आणि एका क्षणी सगळं पाणी एका अंगाला सरकतं. शिकवल्यासारखा बोललो बघ, पहिल्यांदा आयुष्यात.

"म्हंजे त्यायले चक्कर गिक्कर नोहोती आली."

"नाही."

"पिऊन गेले होते म्हनते गाव. पयरनारा मानूस, असा कसा बुडन म्हनते. दोन हप्त्यापासून ऐकून राहिली मी."

हे मला माहीत नव्हतं, चैतराम. माझ्यासमोर कोणी बोललं नाही. मी तोंड मिटून बसलो होतो आणि तिकडे गाव तुला दारुडा ठरवत होतं.

"प्याला नव्हता," मी म्हणालो. "माझ्या घरचा चहा पिऊन गेला होता. मी सांगतो गावाला. बुधाजींना आधी सांगतो. सगळं सांगतो, बुचासकट."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "तुमी होते ना थडीवर?"

"होतो."

"दिसत होते तुमाले?"

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. करंजाखाली बसलो होतो, पुस्तक घेऊन. पानं उलटताना वर पाहायचो. तू आडवं जाळं उचलत होतास, पाठमोरा. पाण्यावरची पिवळी पट्टी सकाळी वीतभर दिसत होती, ती चार बोटं झाली, मग दोन. मला वाटलं, आज मासे चांगले लागले.

"मंग?" वहिनी म्हणाल्या. अगदी तुझ्यासारखं.

"मग भूक लागली. मी हाक मारली, जेवून येतो रे. त्यानं हात वर केला."

"आन्?"

"आलो तेव्हा नाव पालथी होती."

"किती वेळ लागला जेवाले?"

"पाऊण तास. पेपर आला होता. तो चाळला."

त्या रडतील, ओरडतील, सूप फेकतील, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी बुच पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"डोंगा?"

"उललाय. डांबर भरलंय. ओल्या जाळ्याचा भार घेणार नाही. तो स्वतः म्हणाला होता."

"मले नाई सांगतलं."

"तुम्ही घाबराल म्हणून."

"हं," त्या म्हणाल्या. "तुमी दोघंई सारखेच." थोडं थांबून, "पिवरीच नेईन. बुच मीच लावीन. तुमी हात नोका लावू."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो असेन.

"भाऊजी."

"हो."

"उद्या जेवून या."

चैतराम, त्यांनी मला माफ केलं असं समजू नकोस. तसं काही तोंडावर नव्हतं. मला पोहता येत नाही, काही झालंच तर थडीवरून ओरडण्यापलीकडे माझ्या हातून काही होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी या म्हणाल्या. सात वाजता निघायचं. इतक्या सकाळी माझ्या घशाखाली चहादेखील नीट उतरत नाही. सहाला भात टाकणार आहे. पोटभर जेवणार आहे.